दहातला सातवा बॉल

माझ्या थ्री-वुडचा तळ चार वर्षांनंतरही आरशासारखा आहे. खरं तर हा गवतावरचा बॉल मारायचा क्लब. माती घासून घासून त्याच्या तळाला ओरखडे पडलेले असायला हवेत. माझ्या वुडवर खुणा आहेत त्या फेसच्या, म्हणजे बॉलला भिडणाऱ्या बाजूच्या, अगदी खालच्या कडेला, बॉलच्या पांढऱ्या रंगाच्या. म्हणजे मी बॉलच्या पोटात नव्हे, टाळूवर टोला हाणतो. बॉल मग उंदरासारखा गवतातून पळत सुटतो आणि साठ-सत्तर यार्डांवर दमून बसतो.

वय ६२, हँडिकॅप २४; हा आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवायचे, असा नियम आहे. अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षापासून. त्या चौदांतली एक जागा हा शोभेचा क्लब अडवून बसलाय. तो विकून टाकावा आणि दुसरा काही घ्यावा, असं माझ्या मनात होतं. चूक एवढीच झाली, की हे मी दोन माणसांसमोर एकदम बोललो.

एक आमचे कर्नल. फौजेतून निवृत्त, एके काळी हँडिकॅप ६, आता १३. दुसरी त्यांची भाची. शिकली मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि काम करते क्लब-फिटिंगचं, म्हणजे माणसाचा स्विंग मोजून त्याला क्लब बेतून देण्याचं. जूनचा पहिला आठवडा होता. येरवड्याच्या कोर्सवर नऊ होल संपवून आम्ही चहाला बसलो होतो. दोन वळवाचे पाऊस होऊन गेले होते आणि जमीन अजून मनाशी ठरवत होती, की मे महिना धरून ठेवायचा की सोडून द्यायचा.

कर्नल : विकायचा कशाला? मारायला शीक. चार वर्षांत तू प्रॅक्टिसला या क्लबने किती बॉल मारलेस? खरं सांग.

मी : शंभर असतील.

कर्नल : शंभर! आम्ही एका संध्याकाळी शंभर मारायचो, तेही पर्सिमनच्या लाकडी डोक्याच्या वुडने. जरा बाहेरच्या बाजूला बसला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांनीच शिकवलं आम्हाला. आता डोकं धातूचं, पोकळ, चुका पोटात घालणारं. तरी तुमचं बॉलशी जमत नाही आणि दोष कुणाचा? क्लबचा.

(पर्सिमन हे अमेरिकेतलं झाड. आपल्याकडे ज्याच्या पानांच्या बिड्या वळतात त्या तेंदूच्याच कुळातलं. बिडीचं आणि गोल्फचं नातं असं जवळचं निघेल, हे मला फार उशिरा कळलं. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्सने टेलरमेड कंपनी काढून पोलादी डोक्याचा वुड बाजारात आणला, तेव्हा त्याला नाव पडलं ‘पिट्सबर्ग पर्सिमन’. पोलादाच्या गावचं लाकूड! लाकूड गेलं, तरी आपण अजून ‘वुड’च म्हणतो.)

भाची : मामा, दोष क्लबचा नाही. जोडीचा आहे. परवा मी काकांना रडारसमोर उभं केलं होतं. ड्रायव्हरचा वेग ताशी ८२ मैल. टूरवरच्या पुरुषांचा असतो ११३-११५ च्या आसपास. काकांच्या हातातला थ्री-वुड आहे साडेतेरा अंश लॉफ्टचा, म्हणजे फेस मागे तेवढाच झुकलेला, त्या ११५ वाल्यांसाठी काढलेला. बॉलचा व्यास १.६८ इंच, म्हणजे त्याची कंबर जमिनीपासून इंचभरसुद्धा वर नाही. तिच्या खाली तो उभा फेस शिरवायचा, तोही ४३ इंचांच्या दांड्याच्या टोकावरून. त्यातून बॉल नीट बसला, तरी या वेगाला तो वर चढतच नाही.

कर्नल : जमिनीवरून सरपटत गेला तरी जातो ना पुढे?

भाची : बागेला पाणी घालताना नळाला दाब कमी असला तर तू नळी कशी धरतोस? थोडी वर. तरच पाणी लांबच्या कुंडीत पडतं. आडवी धरलीस तर पायाशीच चिखल. कमी वेगाच्या माणसाला लॉफ्ट हवा तो एवढ्यासाठी; काकांना मी सेव्हन-वुड घ्या म्हणते, ते यासाठीच. ताशी नव्वदच्या खाली ज्यांचा वेग आहे, त्यांचे थ्री-वुड आणि फाइव्ह-वुड जमिनीवरून साधारण एकाच जागी पडतात. कितीदा तर फाइव्हच पुढे असतो. म्हणजे हे लोक एकच क्लब दोनदा वाहून नेतात. खरं तर कॅडी वाहून नेतो.

आमचा कॅडी मागे बॅगांपाशी उकिडवा बसून क्लब पुसत होता. तो हसला की नाही, ते मला दिसलं नाही.

कर्नल : हे तुझे आकडे ठीक आहेत. पण खेळाला काही अब्रू असते. १९३५, ऑगस्टा. तेव्हा त्या स्पर्धेला अधिकृतपणे मास्टर्स म्हणतही नव्हते. जीन सॅराझेन तीन शॉट मागे, पंधरावा होल, पार फाइव्ह, २३५ यार्ड बाकी, मध्ये पाणी. काढला वुड आणि बॉल थेट होलमध्ये! एका फटक्यात बरोबरी. दुसऱ्या दिवशी छत्तीस होलचा प्लेऑफ खेळून क्रेग वुडला हरवलं. ही गोष्ट ऐकून आम्ही वुड हातात घेतला. सात नंबरचा वुड घेऊन कुणी इतिहास घडवल्याचं मी ऐकलेलं नाही.

भाची : सॅराझेनच्या हातात कुठला वुड होता, मामा?

कर्नल : फोर.

भाची : थ्री का नव्हता?

कर्नल जरा वेळ चहाकडे बघत राहिले.

कर्नल : बॉल नीट बसलेला नव्हता. थ्रीने उचलला गेला नसता.

भाची : झालं तर मग! जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फेअरवे-वुड शॉटच्या आधी त्या माणसाने काय केलं? जास्त लॉफ्टचा क्लब घेतला. अंतराची हाव धरली नाही, लाय बघितली, म्हणजे बॉल कसा बसलाय ते. मी काकांना दुसरं काय सांगतेय? आणि सेव्हन-वुडचं म्हणशील, तर २०२० च्या नोव्हेंबरात डस्टिन जॉन्सनने वीस अंडर मारून मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन-वुड होता. २१ अंशांचा. त्याच्याएवढा लांब मारणारा माणूस तो बाळगतो आणि आपल्या क्लबातले बाबा लाजतात.

कर्नल : लाजत कोण? एवढंच म्हणतो, की आमच्या वेळी तो बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा क्लब होता.

भाची : बायकांचा म्हणालास ते बरं केलंस. ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक. अदिती अशोक चौथी आली, ब्राँझपेक्षा एकाच शॉटने मागे. साठ जणींत तिचा ड्राइव्ह जवळपास सगळ्यात आखूड होता; स्पर्धेआधी कोविड होऊन गेला होता, अंगातली ताकद परत आली नव्हती. बाकीच्या जिथे मधल्या नंबरची लोखंडी आयर्न घेऊन ग्रीनवर मारत होत्या, तिथे तिला कितीदा हायब्रिड किंवा वुड काढावा लागला. तो बॉल तिने ग्रीनवर थांबवला, कारण तो वरून खाली पडत होता. तू त्या शनिवारी सकाळी उठून टीव्हीसमोर बसला होतास. मला फोन करून रडला होतास.

कर्नल : रडलो वगैरे काही नाही.

इथे वाद संपला असता, तर मी मुकाट्याने सेव्हन-वुड घेऊन घरी गेलो असतो. पण कर्नल काही फक्त अब्रूवर बोलणारा माणूस नाही. हातातली बशी खाली ठेवून त्यांनी भाचीला अशा ठिकाणी गाठलं, जिथे तिची सगळी यंत्रं थोडी आंधळी असतात.

कर्नल : तुझ्या रडारसमोर बॉल कशावर ठेवला होतास?

भाची : मॅटवर.

कर्नल : मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला, तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि बॉल मस्त उडतो. रडार म्हणतं वा! तोच फटका इथे मे महिन्यात मारून दाखव. फेअरवे भाजून कडक झालेली, गवत दाढीच्या खुंटांएवढं. क्लब मागे आपटला की टणकन उसळतो आणि बॉलच्या डोक्यावर बसतो. मॅटवर ज्याचे दहातले आठ उडतात, त्याचे इथे चार उडतील. मग तू बेतून दिलेल्या क्लबचं काय करायचं?

भाची : हे बरोबर आहे.

कर्नल : जुलैत आणखी निराळं. जमीन स्पंज झालेली, बॉल पडला तिथेच रुततो. लोकल रूल लावतात, बॉल उचलून, पुसून, गवतावर नीट ठेवायची मुभा मिळते. म्हणजे थ्री-वुडला हवी ती लाय आयती हातात! त्या तीन महिन्यांत याचा थ्री-वुड का उडू नये?

भाची : उडेल. पण पडल्यावर एक पाऊलही पुढे जाणार नाही. उन्हाळ्यात बॉल पंचवीस-तीस यार्ड गडगडतो, पावसाळ्यात हवेत जितका गेला तितकाच. आणि हवेतलं अंतर कमी वेगाच्या माणसाला लॉफ्टच देतो. म्हणजे उन्हाळ्यात लाय वाईट म्हणून लॉफ्ट हवा आणि पावसाळ्यात रोल नाही म्हणून लॉफ्ट हवा.

कर्नल : हिवाळा राहिला.

भाची : हिवाळ्यात काकांना गुडघेदुखी असते.

मी मान डोलावली. गुडघ्याचं खरं आहे.

यानंतर दोघं थोडे एका रस्त्याला लागले; निदान एकमेकांकडे बघून बोलायला लागले. मी विचारलं, की दुकानात गेलं की पहिला प्रश्न ‘हँडिकॅप किती’ असा का असतो, आणि चोवीस म्हटलं की विक्रेता डावीकडच्या भिंतीकडे का वळतो.

भाची : सोपं पडतं म्हणून. पण हँडिकॅप म्हणजे स्कोअर. तो कसा झाला, ते त्यात कुठे येतं? दोघांचा हँडिकॅप अठरा. एक पोरगा ड्रायव्हर अडीचशे मारतो, निम्मे झाडीत, आणि प्रत्येक ग्रीनवर तीन-तीनदा पटिंग. दुसरे पासष्टीचे आजोबा, दीडशेच मारतात, पण सरळ, पटिंगला देवमाणूस. दोघांना एकच वुड विकायचा? पोराने टीवरून थ्री-वुड मारावा, ड्रायव्हर घरी ठेवून. आजोबांनी थ्री-वुडला हात लावू नये. फाइव्ह, सेव्हन, जमलं तर २४ अंशांचा नाइनसुद्धा.

कर्नल : आणि नवशिक्या?

भाची : त्याला पहिलं वर्षभर थ्री-वुड नकोच. अठरा अंशांचा फाइव्ह किंवा एकवीसचा सेव्हन, दोन्हींपैकी एकच. दांडा आखूड, डोक्याचा फेस बुटका, वजन खाली आणि मागे असलेला. बुटका फेस म्हणजे बॉल जमिनीवर असला, तरी क्लबचं वजन त्याच्या खाली जातं. नव्वदच्या दशकात बार्नी अ‍ॅडम्सच्या ‘टाइट लाइज’ने याच युक्तीवर धुमाकूळ घातला. उलटं ठेवल्यासारखं चपटं डोकं, पण उघड्या जमिनीवरून बॉल उचलायचं. उंच फेसचा वुड असतो तो टीवर ठेवलेल्या बॉलसाठी. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि कुणी सांगत नाही.

कर्नल : हायब्रिड घेऊन मोकळं का होऊ नये मग? मी स्वतः घेतलाय.

भाची : तू वरून खाली मारतोस, मामा. तुझ्या प्रत्येक आयर्नमागे जमिनीचा तुकडा उडतो. अशा माणसाला हायब्रिड मानवतो. त्याचं डोकं अरुंद, दांडा आखूड, लांब गवतातून सुरीसारखा जातो. काका गवत झाडून काढतात. त्यांचा कधी डिव्हट बघितलायस? झाडणाऱ्याला रुंद तळाचा वुडच बरा. मारायची पद्धत बघून हे ठरतं, हँडिकॅप बघून ठरत नाही.

मला हे वाक्य मनापासून आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या झाडण्याला पद्धत म्हटलं होतं.

कर्नल : आणि चांगल्या खेळाडूने? पाचच्या आतला माणूस काय बघून घेणार?

भाची : दोन क्लबांमधली फट. ड्रायव्हर किती जातो, सगळ्यात लांब आयर्न किती जाते, मधली जागा कशाने भरायची. त्याला थ्री-वुड पेलतो, पण त्यालाही मी विचारते : टीवरून किती मारणार, गवतातून किती? हेन्रिक स्टेन्सन २०१६ ला ट्रूनला ओपन जिंकला. तेरा अंशांचा थ्री-वुड तो ड्रायव्हरसारखा वापरायचा. समुद्रावरचा वारा, बॉल खालून न्यायचा. ती गरज त्याची होती. स्टेन्सनचा वुड बघून चोवीसवाल्याने साडेतेरा घेतला की काय होतं, ते या काकांच्या फेसवर लिहिलेलं आहे. पांढऱ्या रंगात.

मी : त्या वुडच्या गळ्याशी स्क्रू आहे. फिरवून लॉफ्ट वाढवता येतो, असं दुकानदार म्हणाला होता.

भाची : वाढतो, दीड-दोन अंश. पण लॉफ्ट वाढवलात की फेस डावीकडे मिटतो, कमी केलात की उघडतो. हे दुकानदार सांगायला विसरला असेल. तुमचे बॉल उजवीकडे जातात, तेव्हा थोडा मिटलेला चालेलही. तरी साडेतेराचे साडेपंधरा झाले, एकवीस नाही झाले.

कर्नल : माझं एकच म्हणणं आहे. ही सगळी बेताबेती झाल्यावर तो शिकणार काय? नव्या वुडला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात कोचकडे कित्येक तास होतील. बॉल टॉप का होतो? भीतीने. याला वाटतं, बॉल आपणच वर उचलायचा. म्हणून वजन मागच्या पायावर, हात वर. लॉफ्टने भीती जात नाही.

भाची : थोडी जाते. खाली बघितल्यावर फेस दिसला, की मनाला वाटतं हा उचलेल. साडेतेराचा फेस वरून दिसतच नाही, पत्र्याची कड दिसते. मग माणूस स्वतः उचलायला जातो. मामा, तू म्हणतोस ती भीती निम्मी त्या कडेतून येते. आणि कोचकडे जायला मी कुठे नाही म्हणतेय? माझं गिऱ्हाइकाला एकच सांगणं असतं. दहा बॉल मारा, गवतावरून. मॅटवरून नको, हे मामाचं मी आजपासून घेतलं. दहाही चांगल्यापासून वाईटापर्यंत ओळीने लावा. लोक पहिला बॉल बघून क्लब घेतात. तुम्ही सातवा बघा. सातवा कुठे पडलाय? ज्या क्लबचा सातवा बॉल अजून खेळता येण्याजोगा आहे, तो तुमचा.

हे मला पटलं. पटल्याचं लगेच कबूल करायला नको म्हणून मी कॅडीकडे वळलो. बारा वर्षं तो माझी बॅग उचलतोय. म्हटलं, तुला काय वाटतं?

तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, “साहेब, तुम्ही दोनशे मारतो म्हणता ना, मी तिथे पंचवीस पावलं कमी धरून उभा राहतो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

भाची इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. तिने पर्समधली वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटतं, पंचवीस हा आकडा लिहिला असावा. तिच्या रडारने काढलेल्या अंतराशी तो जुळत होता, असं नंतर कळलं.

कर्नलना मात्र कॅडीच्या हातातला माझा वुड खुणावत होता. ते म्हणाले, “मारून दाखव रे एक.” प्रॅक्टिसच्या पट्ट्याच्या कडेला, गाड्यांच्या वाटेशेजारी जमीन पार उघडी आहे, दोन पावसांनी जेमतेम धूळ बसलेली. कॅडीने तिथेच बॉल टाकला, बुटाने लाथाडून सरळ केला. मूठ ग्रिपवर दोन बोटं खाली धरली. स्विंग असा काही खास नव्हता. पाठ जरा लवकर उठते त्याची. पण आवाज वेगळा आला. बॉल छातीएवढ्या उंचीने निघाला, बराच वेळ तसाच गेला, मग उशिरा वर चढला आणि पट्ट्याच्या शेवटच्या फळीपलीकडे पडला. साडेतेरा अंश, उघडी जमीन, पायात फाटका कॅनव्हास.

“बघ!” कर्नल म्हणाले.

“काय बघ?” भाची म्हणाली. “मी सांगितलं होतं ना, वेग बघा. मोजू का रे दादा तुझा?”

दोघांनाही तो आपल्याच बाजूचा साक्षीदार वाटत होता. मी त्याला विचारलं, शिकलास कुठल्या क्लबवर.

“एकच होता, साहेब. कुणीतरी टाकून दिलेला. नंबर घासून गेला होता. मूठ खाली धरली की जवळ, वर धरली की लांब. कोर्स बंद असायचा त्या दिवशी आम्ही चौघं त्याच एकावर खेळायचो. एकाने मारला की दुसऱ्याकडे पळत जाऊन द्यायचा.”

भाची यावर काही बोलली नाही. कर्नलही नाही. चौदा क्लबांतला कुठला ठेवावा आणि कुठला काढावा, यावर सकाळचे दोन तास घालवून आम्ही तिघं उभे होतो. तो ओल्या फडक्याने वुडचा तळ पुसत होता. तळावर आता तीन बारीक चरे उमटले होते, पहिलेच.

त्याच आठवड्यात मी सेव्हन-वुड घेतला, गवतावर दहा बॉल मारून, सातवा बघून. सातवा १४० वर होता, फेअरवेच्या उजव्या कडेला, खेळता येण्याजोगा. कर्नलनी मला एका कोचचा नंबर पाठवला; त्याला अजून फोन केलेला नाही. थ्री-वुड कॅडी घेणार आहे. माझी तयारी तसाच देण्याची होती, तो ऐकेना, विकतच घेईन म्हणाला. किंमत मात्र ठरत नाही. मी सांगतो ती त्याला जास्त वाटते. फेसवर टॉपचे डाग आहेत, म्हणतो, भाव कमी करा.